रक्ताच्या नावावर तुकडी पाडू नका

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
मुख्याध्यापक,
आणि त्या सभेत हात वर केलेले गावातले सर्व पालक.

विषय : बेड्यावरच्या (पारधी वस्तीतल्या) मुलांची वेगळी तुकडी, बोटांच्या ठशांची चाचणी आणि दप्तरांची झडती हे ठराव रद्द करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ठरावाची प्रत माझ्यापुढे आहे. ठराव छोटा, तीनच कलमांचा. बेड्यावरच्या पाचवी ते आठवीच्या मुलांना दिवाळीनंतर मागच्या खोलीत वेगळं बसवायचं आणि चारही वर्गांना मिळून एक शिक्षक द्यायचा. पुढच्या वर्षीपासून शाळेतल्या सगळ्याच मुलांच्या बोटांचे ठसे एका कंपनीकडे देऊन त्यांचा ‘जन्मजात कल’ काढून आणायचा आणि त्यावरून तुकड्या पाडायच्या. आणि पोषण आहाराच्या खोलीतून तुरीच्या डाळीचा कट्टा गेल्यापासून शाळा सुटताना बेड्यावरच्या मुलांची दप्तरं तपासली जातात, ते तसंच चालू ठेवायचं. तिन्ही कलमांना कारण एकच दिलं आहे : ‘सदर विद्यार्थ्यांची आनुवंशिक प्रवृत्ती लक्षात घेता.’

डाळीचा कट्टा कोणी नेला हे अजून कोणालाच कळलेलं नाही. प्रवृत्ती मात्र कळली.

मी याच बेड्यावरची, फासेपारधी. चौथीपर्यंत याच शाळेत शिकले. पुढे आश्रमशाळा, बारावी विज्ञान, डीएमएलटी म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, आणि आता ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं रक्त मी काढलेलं आहे. माझ्या भावाची मुलगी सहावीत आहे आणि मागच्या खोलीच्या यादीत तिचं नाव आहे. मी रीतसर अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. ठराव मात्र गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे, म्हणून माझं म्हणणंही सगळ्यांसमोर मांडते.

सुरुवात त्या कारणापासूनच करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

सभेला आलेल्या पाहुण्यांनी पडद्यावर आकडा दाखवला म्हणे : माणसाची बुद्धी आणि स्वभाव पन्नास टक्के जन्मजात असतो, हे विज्ञानाने सिद्ध केलं आहे. आकडा त्यांनी मनानं काढलेला नाही. २०१५ साली संशोधकांनी पन्नास वर्षांतले जुळ्यांवरचे २,७४८ अभ्यास एकत्र केले. त्यात जुळ्यांच्या सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या होत्या आणि उंचीपासून नैराश्यापर्यंत १७,८०४ गुणधर्म होते. सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा जनुकांचा वाटा ४९ टक्के आला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, साध्या जुळ्यांची भावंडांइतकी, म्हणजे सरासरी निम्मी. एकसारखी जुळी एकमेकांशी किती जास्त मिळतीजुळती निघतात त्यावरून हा वाटा काढतात.

पण हा वाटा कशाचा, ते पाहुण्यांनी सांगितलं नाही. तो एका माणसाचा नाही. माझी निम्मी बुद्धी आईबापाची आणि निम्मी शाळेची, असा त्याचा अर्थ होत नाही. एका विशिष्ट लोकसमूहात, त्या काळच्या परिस्थितीत, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती फरक जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. परिस्थिती बदलली की टक्का बदलतो. सगळ्या मुलांना सारखं अन्न, सारखं औषधपाणी, सारखे शिक्षक मिळाले तर उरलेला फरक बहुतेक जनुकांचाच असणार, म्हणून तिथे टक्का वर जातो. २००३ साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा एक अभ्यास आला. त्यात खात्यापित्या घरांत बुद्ध्यांकातल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा होता. अगदी गरीब घरांत तो शून्याजवळ होता, आणि साठ टक्के फरक घरच्या परिस्थितीशी जोडलेला होता. पश्चिम युरोपातल्या अभ्यासांत पुढे असं चित्र दिसलं नाही. तिथे गरिबाच्या लेकरालाही बरा दवाखाना आणि बरी शाळा मिळते, हे त्याचं एक कारण असावं असं मानतात.

आता तुमचं खरं म्हणणं घेते. तुम्ही एका मुलाची दुसऱ्याशी तुलना केलेली नाही. बेड्यावरची मुलं आणि गावातली मुलं, अशी दोन गटांची केली आहे. कापसाच्या एकाच पाकिटातलं अर्धं बियाणं भारी काळ्या जमिनीत लावा आणि अर्धं टेकाडावरच्या बरडात. एकाच वावरातलं एक झाड डेरेदार झालं आणि शेजारचं बुटकं राहिलं, तर तो फरक बियाण्याचा म्हणता येईल, कारण माती, पाणी, खत सारखं होतं. पण दोन वावरांच्या उताऱ्यात जो फरक पडेल तो जमिनीचा. वावराच्या आत बियाण्याचा वाटा पन्नास टक्के असो की नव्वद, त्यावरून दोन वावरांतल्या फरकाचं कारण कळत नाही. सभेत बसलेले निम्मे लोक कास्तकार होते. बरडातला कापूस बुटका राहिला म्हणून त्यांच्यातला कोणीही बोगस बियाण्याची तक्रार घेऊन कृषी कार्यालयात जाणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी हात वर केला.

जनुकांना काही अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर उद्या मला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्याच बंद कराव्या लागतील. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. आई आणि बाप दोघंही वाहक असले, म्हणजे प्रत्येकाकडे बदललेलं एक जनुक असलं, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की लेकरू ‘एसएस’, म्हणजे दोन्हीकडून ते जनुक आलेलं, आजारी निघेल. हे मी जोडप्याला कागदावर लिहून देऊ शकते, कारण तिथे एक जनुक आणि एक आजार यांची गाठ सरळ आहे. आणि तिथेही एकाच घरातली दोन ‘एसएस’ भावंडं सारखी दुखणाईत नसतात. एकाच्या रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. एकाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेळेवर सुरू होतं. दुसरं लेकरू भर उन्हात पाण्यावाचून राबतं आणि कळा घेत भरती होतं.

एका अक्षराच्या आजाराची ही गत. शिकण्याचं, वागण्याचं, चोरी करण्याचं असं एकेकटं जनुक नाहीच. २०१८ साली अकरा लाख माणसांचा डीएनए तपासून, कोण किती वर्षं शिकला याच्याशी नातं असलेल्या १,२७१ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी इवला. साऱ्या डीएनएचा हिशेब एकत्र केला तरी शिक्षणातल्या फरकापैकी ११ ते १३ टक्केच उलगडला. ती सगळी माणसं युरोपीय वंशाची होती, आणि हाच हिशेब दुसऱ्या वंशाच्या लोकांना लावला की त्याचं बळ खूपच कमी होतं. त्याच वर्षी आइसलँडमधून आणखी एक गोष्ट कळली : आईबापाची जी जनुकं मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसतो. रक्तातून न येता तो कसा येईल? आईबाप घर कसं ठेवतात, काय बोलतात, पोराला किती वेळ देतात, त्यातून. म्हणजे ज्याला आपण आनुवंशिक म्हणतो त्यातही घर मिसळलेलं आहे.

पाहुण्यांनी ‘गुन्ह्याच्या जनुका’चाही उल्लेख केला असं कळलं. ते एमएओए नावाचं जनुक. १९९३ साली नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातल्या काही पुरुषांत हे जनुक निकामी असल्याचं आढळलं आणि ते पुरुष एकाएकी हिंसक होत. ते एक दुर्मीळ कुटुंब. जास्त लोकांत आढळणारा प्रकार वेगळा, त्यात जनुक मंद चालतं. २००२ साली न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात, जन्मापासून ज्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं अशा मुलग्यांचा अभ्यास आला. मंद जनुक आणि लहानपणी मारझोड, हे दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं ते पुढे जास्त हिंसक निघाले. नुसतं मंद जनुक असलेले तसे निघाले नाहीत. पुढच्या अभ्यासांत हा निकाल कधी जुळला, कधी नाही. पण त्यातून शाळेने काही घ्यायचंच असेल तर ते एवढंच आहे की मुलाला मारू नका, त्याला चोर म्हणून वाढवू नका. तुम्ही उलटं घेतलं.

आमच्या प्रवृत्तीवरचा हा पहिला ठराव नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या बाजूने झालेला युक्तिवाद असा होता की या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा विणकर होतो, तसाच गुन्हेगाराचा मुलगाही जन्माने गुन्हेगारच. तेव्हा जनुक हा शब्दही जन्मला नव्हता, जातीचा दाखला पुरेसा होता. १९११ च्या कायद्याने हे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता आलं. हजेरी लावायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही त्यात होती. पारध्यांचे अनेक गट या याद्यांत अडकले. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. त्याला आता सत्तर वर्षं उलटून गेली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तित्तर-बटेर धरून जगणाऱ्याचा धंदाच गुन्हा झाला. जंगल वाचलं पाहिजे याबद्दल वाद नाही. पण त्या माणसाला दुसरं काम कोणी दिलं नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी बेड्यावर येते.

माझा भाऊ आणि मी एकाच पालात वाढलो. मला अक्षरं लवकर लागली, त्याला लागली नाहीत. तो नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखायचा, मला अजूनही येत नाही. यात जन्मजात काही असेल, मी नाकारत नाही. पण मी पुढे शिकले आणि तो शाळेतून सुटला, याचं कारण वेगळं आहे. ज्या वर्षी तो तिसरीत होता, त्या वर्षी बापाला पोलिसांनी संशयावरून उचललं आणि आई लेकरं घेऊन भुसावळकडे निघून गेली. परत आलो तोवर पटावरून त्याचं नाव कमी झालं होतं. माझं नाव एका बाईंनी गुपचूप राखून ठेवलं होतं. त्या बाई आता निवृत्त आहेत. त्यांनी तेव्हा माझी प्रवृत्ती तपासली नाही, हे माझं नशीब.

आता वेगळ्या तुकडीविषयी. ‘हे पोट्टे मागं पडतात जी, त्याईच्याच भल्यासाठी वेगळं काढतो,’ असं समितीतल्या एकाने माझ्या भावाला सांगितलं. भलं होतं का ते बघू. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत दोन अर्थतज्ज्ञांनी सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांवर प्रयोग केला. निम्मे ‘वरच्या’ जातींचे, निम्मे दलित. कागदावरचे भुलभुलैये सोडवायचे आणि सोडवू तितके पैसे मिळवायचे. जात कोणी पुकारली नाही तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलं एकदम मागे पडली. मुलं तीच, डोकी तीच, कोडी तीच. दोन मिनिटांत कोणाची जनुकं बदलत नाहीत. हा प्रयोग एका वेळचा, एका खोलीतला होता. तुम्ही तेच वर्षभर, रोज सकाळी, दाराला पाटी लावून करणार आहात. वर्षाअखेर निकाल कमी लागेल आणि तोच निकाल तुम्ही पुरावा म्हणून दाखवाल.

दुसरं उदाहरण फ्रान्सचं. हेळसांड झालेली ६५ मुलं चार ते सहा वर्षांची असताना दत्तक गेली. दत्तक जाण्याआधी त्यांचा बुद्ध्यांक सरासरी ७७ होता, म्हणजे तुमच्या भाषेत मठ्ठ. किशोरवयात पुन्हा मोजला तेव्हा गरीब घरांत गेलेल्यांचा सरासरी ८ गुणांनी वाढला होता आणि सधन, शिकलेल्या घरांत गेलेल्यांचा जवळजवळ साडेएकोणीसने. घर बदलूनही मुलामुलांतला फरक संपला नाही, आणि तो संपणारही नव्हता. पण सगळीच वर सरकली, आणि किती वर ते घरावर अवलंबून राहिलं.

सभेत एकाने विचारलं म्हणे, अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला पारध्यांनी स्वतःच वेगळी शाळा काढली ना, मग इथे वेगळी खोली का नको? प्रश्न बरोबर आहे, टाळत नाही. ती शाळा रस्त्यावर भीक मागणाऱ्या, कुठल्याच शाळेत जागा नसलेल्या लेकरांसाठी निघाली. बाहेर असलेल्यांना तिने आत घेतलं. आमची मुलं तर आधीच आत आहेत, तुमच्याच पटावर. तुम्ही त्यांना बाहेर काढता आहात.

ती मागे का पडतात, याची कारणं शोधायला डीएनएपर्यंत जावं लागत नाही. घरी आम्ही पारधी बोली बोलतो, ती गुजरातीला जवळची. पहिलीतल्या लेकराला ‘पाटी काढ’ म्हटलेलंही कळत नाही, आणि बाईंना वाटतं ते ऐकत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणी आली की ते आईबरोबर वावरात असतं. जातीचा दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. कितीतरी पालांत रात्री दिवा नाही. आणि माझ्या टेबलावर जे येतं ते सांगते, कोणाचं नाव न घेता : बारा-तेरा वर्षांच्या मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, तिथे ८ पाहणं मला नवं राहिलेलं नाही. अशी मुलगी वर्गात पेंगते. तिला आळशी म्हणतात. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायची असते, पण त्या दिवशी जे लेकरू गैरहजर असेल त्याची गोळी डब्यातच राहते. गैरहजर कोण असतं हे हजेरीपट सांगेल. गोळीने कोणी कलेक्टर होत नाही. पेंग मात्र जाते.

आणि बोटांचे ठसे. हे कलम वाचून मला आधी हसू आलं, मग नाही आलं. १९११ च्या त्याच कायद्यात नोंद झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला होता. आमच्या मागच्या पिढ्यांनी ‘प्रवृत्ती’साठीच बोटं काळी केली. आता तेच लेकरांकडून, वर पालकांकडून फी घेऊन.

ठशांचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या मोठ्या लोकांत इंग्लंडचा फ्रान्सिस गाल्टन होता. बुद्धी वंशातून येते या मताचा तो कट्टर पुरस्कर्ता, आणि सुप्रजननशास्त्राला, म्हणजे निवडक वंशाचीच पैदास वाढवावी या विचाराला, नाव देणाराही तोच. ठशांवरून वंश आणि स्वभाव कळेल अशी त्याला मोठी आशा होती. त्याने वेगवेगळ्या लोकांचे ठसे तपासले आणि १८९२ साली ही आशा फोल ठरली असं स्वतः लिहून टाकलं. ज्याला ते सापडावं अशी सगळ्यांत जास्त इच्छा होती, त्यालाच सापडलं नाही. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांनी ते आपल्या तालुक्यात एका एजंटाला लॅपटॉपवर सापडलं.

ठशांच्या रेषा पोटात असताना, साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटायला लागतात. त्यांचा ढोबळ आकार जनुकांवर बराच अवलंबून असतो. पण बारकावे गर्भाशयातल्या दाबावर, बाळाच्या हालचालीवर, त्या क्षणीच्या वाढीवर ठरतात. म्हणूनच एकसारख्या जुळ्यांचेही ठसे सारखे नसतात. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे चाललं, तर जनुकं जवळजवळ तीच असलेल्या दोन जुळ्या बहिणींत एक डॉक्टर होण्याजोगी आणि दुसरी नाही, असा अहवाल निघू शकेल. डाउन सिंड्रोममध्ये पुष्कळदा तळहातावर एकच आडवी रेघ असते, हे खरं आहे आणि डॉक्टर ती पाहतात. त्यावरून कोणी मुलाला गणित येईल की चित्रकला, हे सांगत नाही. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलं आहे. या एका कलमावर गावातल्या पालकांनाही सांगते : यात तुमचीही मुलं आहेत. उद्या तुमच्या पोराच्या अंगठ्यावरून त्याला कच्च्या तुकडीत टाकलं तर कोणाकडे दाद मागाल?

दप्तरांच्या झडतीबद्दल जास्त लिहीत नाही. मुलांना मानसिक त्रास देण्याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. जातीवरून मुलं निवडून सगळ्यांदेखत त्यांची दप्तरं उलटी करणं हा मानसिक त्रास नसेल तर काय आहे, हे समितीने लेखी सांगावं. फासेपारधी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे, याचीही आठवण देऊन ठेवते. धमकी म्हणून नव्हे. सह्या करताना हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणून.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. तिन्ही कलमं रद्द करा, आणि ‘आनुवंशिक प्रवृत्ती’ हे शब्द चुकीचे होते असं कार्यवृत्तात नोंदवा. नुसतं ‘तहकूब’ नको.

२. मुलं वयाप्रमाणे ज्या वर्गात आहेत त्याच वर्गात राहतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या आधी किंवा नंतर तास घ्या. सगळ्याच मुलांचं वाचन तपासून मुलं निवडा, राहण्याची जागा पाहून नको. उशिरा दाखल झालेल्या मुलांना विशेष प्रशिक्षण देऊन वर्गाच्या बरोबरीला आणायचं, असं कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे. पहिली-दुसरीला पारधी बोली येणारी बेड्यावरची एखादी शिकलेली मुलगी मदतीला घ्या. अशा दोघी-तिघी आहेत, मी नावं देईन.

३. ठशांच्या चाचणीसाठी कोणाकडून पैसे घेतले असतील तर परत करा. नमुना म्हणून काही मुलांचे ठसे आधीच घेतलेत असं ऐकलं. ते कंपनीकडून परत घ्या आणि पालकांसमोर नष्ट करा.

४. डाळीच्या कट्ट्याची तक्रार पोलिसांत द्या. खोलीला चांगलं कुलूप लावा. किल्ली कोणाकडे असते आणि साठ्याची नोंद कोण करतं, हे फलकावर लिहा. झडती आजपासून बंद.

५. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित गटातल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात, असं कलम २१ सांगतं. आज समितीत बेड्यावरचा एकही पालक नाही. पहिली जागा एका आईला द्या.

६. गैरहजर मुलांच्या निळ्या गोळ्या दुसऱ्या दिवशी द्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन सगळ्या शाळेचं हिमोग्लोबिन तपासायला मी स्वतः येईन, सुटीच्या दिवशी, विनामोबदला. नुसत्या बेड्याचं नाही, सगळ्या शाळेचं.

७. आईबाप कामाला बाहेर जातात त्या महिन्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवा. त्याचे कागद भरायला मी मदत करते.

पुढच्या सभेला मी येणार आहे, भाऊ-वहिनीही येतील. हे पत्र त्या सभेत वाचलं जावं. तोपर्यंत काहीच झालं नाही तर तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाईल. त्याची प्रत आधी तुम्हालाच देईन. भावाच्या मुलीचा दाखला आम्ही काढणार नाही, ती याच वर्गात बसेल.

उत्तर लेखी द्या, आणि कोणाला तरी बेड्यावर पाठवून ते तिथे वाचून दाखवा. ठराव सांगायला कोणी आलं नव्हतं.

आपली,
या शाळेची माजी विद्यार्थिनी,
सहावीतल्या एका मुलीची आत्या